सात माणसं, भरलेली डिकी आणि रीमॅपचा मोह

प्रश्न थोडक्यात असा. दोन लिटर टर्बो डिझेल, सात आसनी, ऑटोमॅटिक एसयूव्ही. कंपनीच्या कागदावर १५० पीएस ताकद आणि ३४० एनएम टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. एकट्याने चालवताना तक्रार नाही, पण घरातले सगळे बसले, डिकी भरली, की ओव्हरटेकला गाडी दम खाते. एक ट्यूनर म्हणतो, ‘स्टेज वन करू, १९० पीएस, ४२० एनएम, वर मायलेजही वाढेल.’ स्टेज वन रीमॅप म्हणजे पार्ट न बदलता इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली (ईसीयू) फाइल बदलून ताकद वाढवणं. ते करावं का, आणि केलं तर इंजिनाचं काय होईल?

करता येतं. मी स्वतः अशा गाड्या करतो. पण १९० हा आकडा आधी डोक्यातून काढा. तुमची अडचण ८० ते १२० या वेगात आहे आणि तिथे तो आकडा फारसा कामाला येत नाही.

कसं ते पाहा. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. एनएमला आरपीएमने (मिनिटाला फेरे) गुणा, ७०२४ ने भागा, पीएस मिळतात. तुमचं इंजिन २००० आरपीएमला ३४० एनएम देत असेल तर तिथे ते जेमतेम ९७ पीएसचं आहे. तेच ३४० एनएम ३००० पर्यंत टिकले तर १४५. जाहिरातीतला मोठा आकडा ४००० च्या आसपास, रेषेच्या एका टोकावर असतो. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर तळाला लावलात की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एक-दोन गिअर खाली येतो, सुई २५०० च्या वर जाते आणि चार हजाराच्या अलीकडेपलीकडे पुढचा गिअर पडतो. ओव्हरटेकचं सगळं काम या पट्ट्यात होतं. इथली रेषा भरीव केली, ३००० ला ३४० ऐवजी ४०० एनएम दिले, तर १४५ चे १७१ पीएस होतात. मग टोकाला १७५ असले काय आणि १९० असले काय, मागच्या सीटवर बसलेल्यांना फरक कळणार नाही.

सेकंदांत हिशोब करू. माणसं आणि सामान धरून गाडी २४०० किलोची झाली असं समजा. तिला ८० वरून १२० ला न्यायला साधारण ७४० किलोज्यूल ऊर्जा लागते. १५० पीएसच्या इंजिनातून गिअरबॉक्स, डिफरन्शियलची गळती आणि हवेचा-टायरचा विरोध वजा जाता वेग वाढवायला सरासरी ६५ किलोवॉटच्या आसपास उरतात. म्हणजे साडेअकरा सेकंदांच्या आतबाहेर. इंजिनाची मधली ताकद वीस टक्के वाढवली तर विरोध तेवढाच राहतो, त्यामुळे उरणारा हिस्सा ८२ पर्यंत जातो आणि वेळ नऊ सेकंदांवर येते. अडीच सेकंद वाचले. ताशी १०० च्या वेगात गाडी तेवढ्या वेळात जवळपास ७० मीटर जाते. समोरून ट्रक येत असताना ७० मीटर ही थोडी गोष्ट नाही, म्हणून मी या कामाला उगाच हौस म्हणत नाही. जाता जाता, डिकीत वर्षभर पडून असलेली शंभर किलोची अडगळ काढली तरी याच हिशोबात अर्धा सेकंद मिळतो. तो फुकट आहे. छतावरची रिकामी कॅरिअर पेटी उतरवलीत तर आणखी.

आता मूळ मुद्द्याआधीचा मुद्दा. ‘पिकअप कमी वाटतो’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याच गाड्यांना रीमॅप नको, दुरुस्ती हवी असते. एक उदाहरण अजून डोळ्यांसमोर आहे. अशीच सात आसनी डिझेल, मालकांनी स्टेज वनची तयारी करूनच आणली होती. मी आधी लॅपटॉप लावून एक फेरी मारली, तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल. ईसीयू टर्बोकडे (सिलिंडरात जादा हवा कोंबणारा पंखा) २३५० मिलीबार दाब मागत होता आणि मिळत होते १९००. मागणी आणि पुरवठा या दोन रेषा २२०० आरपीएमपासून जी फारकत घेत होत्या ती शेवटपर्यंत. हवामापक मात्र भरपूर हवा आत गेल्याचं सांगत होता. हवा मोजली गेली, पण सिलिंडरपर्यंत पोचली नाही, म्हणजे वाटेत सांडते आहे. स्मोक टेस्टला धूर सोडला तर काहीच दिसेना. शेवटी इंटरकूलरच्या (टर्बोत तापलेली हवा थंड करणारा भाग) खालच्या होजवरून हात फिरवला तर क्लॅम्पच्या मागे बोटाला तेल लागलं. क्लॅम्प सोडून होज वाकवली तेव्हा नखाएवढी चीर उघडली. गाडी उभी असताना ती मिटलेली असायची, दाब आला की तोंड उघडायची. होज बदलली, नवा क्लॅम्प लावला, मालक फेरी मारून आले आणि म्हणाले, ‘फाइल टाकलीत का?’ नव्हती टाकली. ते परत रीमॅपला आलेच नाहीत. धंदा बुडाला, पण इंजिन वाचलं.

वाचलं असं म्हणतो कारण त्या अवस्थेत जास्त बूस्टची (टर्बोच्या दाबाची) फाइल टाकली असती, तर कमी पडणारा दाब भरून काढायला ईसीयूने टर्बोच्या पात्या आणखी मिटवल्या असत्या. या टर्बोचं चाक आधीच मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं. गळकी होज भरायला त्याला आणखी पळवलं तर आधी बेअरिंग जातं, मग चाक घासतं, मग तेल इनटेकमध्ये. जो दोष एका होजवर निभावला, तो टर्बोच्या किमतीला पडला असता.

म्हणून लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या सेन्सरची नोंद, आधी; फाइल नंतर. बूस्टची मागणी आणि प्रत्यक्ष, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेलचा दाब, ईसीयूने प्रत्येक इंजेक्टरला लावलेल्या सुधारणा, इनटेकचं तापमान, डीपीएफमध्ये (एक्झॉस्टमधला फिल्टर) साठलेली काजळी, एवढं तरी पाहिल्याशिवाय जो ट्यूनर केबल लावतो त्याच्या हातात गाडी देऊ नका. एअर फिल्टर, चिकटलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा), अर्धवट दाबून बसलेलं ब्रेक कॅलिपर, कमी हवेचे टायर हेही त्याच यादीत. आणि कुणी हौसेने मोठी चाकं बसवली असतील तर तेही बघा. टायरचा व्यास दहा टक्के वाढला की रस्त्यावर मिळणारा जोर नऊ टक्क्यांनी घटतो. रीमॅपमध्ये मिळवलेलं निम्मं चाकातच जातं.

समजा गाडी निरोगी निघाली. मग फाइलमध्ये नेमकं काय बदलतात हे समजून घ्या, कारण इथेच चांगलं आणि वाईट काम वेगळं होतं.

आजच्या डिझेलमध्ये तुमचा पाय थेट इंधनाला हुकूम देत नाही. पॅडलची स्थिती ईसीयू ‘एवढा टॉर्क हवा’ अशा मागणीत बदलतो. ती मागणी मर्यादांच्या रांगेतून जाते: इंजिनाची मर्यादा, गिअरबॉक्सची मर्यादा, तापमानाची मर्यादा, आणि धुराची मर्यादा, म्हणजे आत जितकी हवा आहे तिला झेपेल तेवढंच डिझेल. रांगेतून उरलेल्या टॉर्कचं इंधनात रूपांतर होतं, इंधनाच्या प्रमाणात बूस्ट, रेलचा दाब आणि इंजेक्शनची वेळ ठरते. नीट ट्यूनिंग म्हणजे या प्रत्येक तक्त्यात मोजूनमापून फेरफार. टॉर्कची मागणी वाढवली तर हवाही वाढली पाहिजे, हवा वाढली तर टर्बोच्या फेऱ्यांचा हिशोब पाहिला पाहिजे. पंचवीस-तीस तक्त्यांत हात घालावा लागतो, आणि गाडी पुन्हापुन्हा चालवून लॉग पाहावे लागतात.

आळशी ट्यूनिंग एका तक्त्यात उरकतं. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, त्या तक्त्यात सरसकट १५ टक्के वाढ. ईसीयूला वाटतं आपण दर फवाऱ्याला ५५ मिलीग्रॅम डिझेल दिलं. प्रत्यक्षात गेलं ६३. गाडी पळते, मालक खूश. पण ईसीयूचा हिशोब आता खोटा झाला आणि त्या खोट्या हिशोबावर दोन जण विसंबून असतात.

पहिला गिअरबॉक्स. ऑटोमॅटिकमधल्या क्लचवर किती तेलदाब द्यायचा हे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर इंजिनाने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. इंजिन ३४० सांगतंय आणि ४०० देतंय, तर क्लच ३४० च्या हिशोबाने पकडला जातो आणि भाराखाली हळूच सरकतो. सुरुवातीला कळतही नाही. गिअर पडताना सुई शंभर-दोनशे आरपीएमने उडते, एवढंच. सहा महिन्यांनी गिअरबॉक्सचं तेल काळं निघतं, जळका वास येतो, आणि तोवर ट्यूनरचा फोन लागत नाही. अनेक गिअरबॉक्सच्या नावातच त्यांची कुवत लिहिलेली असते. झेडएफचा ८एचपी४५ साधारण ४५० एनएमच्या वर्गातला, ८एचपी७० सातशेच्या. तुमच्या गाडीत कोणता आहे ते आधी शोधा. बॉक्स ३५० च्या आसपासचा निघाला तर ४२० चा विषय तिथेच संपला. बेल्टवर चालणारा सीव्हीटी असेल तर माझा सल्ला सरळ आहे, टॉर्क वाढवूच नका. मॅन्युअल असेल तर क्लच प्लेट आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हिसके शोषणारं जड चाक) हाच प्रश्न विचारतात, फक्त मोठ्या आवाजात.

दुसरा, मायलेज दाखवणारा डिस्प्ले. तो टाकीतलं डिझेल मोजत नाही, ईसीयूने दिलं असं वाटलेलं डिझेल मोजतो. खोट्या फाइलमध्ये तो आपोआप कमी खप दाखवणार. ‘रीमॅपनंतर मायलेज वाढलं’ हे मी जितक्यांदा ऐकतो, त्यातलं बरंचसं या डिस्प्लेवरचं असतं. टाकी गच्च भरा, चालवा, परत गच्च भरा आणि भागाकार करा. शांत चालवणाऱ्याला चांगल्या फाइलने थोडा फायदा होऊ शकतो, कारण गाडी वरच्या गिअरमध्ये जास्त वेळ रेटते. पण नवी ताकद वापरायची असेल तर ती डिझेलमधूनच येणार, दुसरीकडून कुठून येईल?

आता दोन डब्यांविषयी, पटकन. रेल सेन्सरच्या वायरीत बसणारा ट्यूनिंग बॉक्स ईसीयूला दाब कमी असल्याचं भासवतो, मग पंप आणखी दाबतो. ईसीयूला १६०० बार दिसतात, पाइपात १८०० असतात. धुराची, तापमानाची, गिअरबॉक्सची कुठलीच मर्यादा त्याला ठाऊक नसते. मी बसवत नाही. पॅडलला लावायचा डबा वेगळा, तो एक पीएससुद्धा वाढवत नाही. तीस टक्के दाबलेलं पॅडल साठ टक्के असल्याचं सांगतो, एवढंच. गाडी चपळ झाल्यासारखी वाटते, पण तळाला दाबलेलं पॅडल आधीही शंभरच होतं. ज्यांना फक्त शहरातला आळशीपणा घालवायचा आहे त्यांनी तो जरूर लावावा.

इंजिनाच्या आयुष्याकडे येऊ. यात कुटुंबाची एसयूव्ही आणि तरुणाची हॅचबॅक यांत मोठा फरक आहे. हॅचबॅकवाला पाच सेकंद दामटतो आणि सोडतो. तुम्ही भरली गाडी घेऊन लांब चढाला लागता, एसी चालू, आणि दहा-पंधरा मिनिटं इंजिन सलग ओढत असतं. डायनोवरची, म्हणजे जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या मशीनवरची, फेरी दहा सेकंदांत संपते, त्यात उष्णता साठायला वेळच मिळत नाही. म्हणून डायनोवर देखणी दिसलेली फाइल घाटात इंजिन भाजते. टर्बोच्या आधीचं एक्झॉस्टचं तापमान डिझेलमध्ये सलग ८०० अंशांच्या वर राहू लागलं की मी फाइल मागे घेतो. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांच्याही आधीच वितळू लागतं. ते टिकतं ते खालून उडणाऱ्या तेलाच्या फवाऱ्यामुळे आणि थंड सिलिंडरला टेकल्यामुळे. त्या फवाऱ्यातलं तेल जुनं, पातळ झालेलं असेल तर काय होतं हे मी उघडलेल्या इंजिनांत पाहिलंय: पिस्टनच्या वाटीच्या काठाला केसासारखी भेग.

उंचीचंही तसंच. समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर हवेचा दाब जवळजवळ एक षष्ठांशाने कमी असतो. तेच २३५० मिलीबार गाठायला टर्बोला खाली २.३ पट दाबावं लागत होतं, वर २.८ पट. कंपनीच्या फाइलमध्ये उंचीनुसार बूस्ट उतरवणारा तक्ता असतो. काही ट्यूनर तो सपाट करून टाकतात, ‘डोंगरातही तेवढाच पिकअप’ म्हणून. त्यांना विचारा, तो तक्ता तसाच ठेवलाय ना?

इंटरकूलरचं विसरू नका. इनटेकची हवा ४० अंशांवरून ६० वर गेली तर ती सहा टक्के विरळ होते. चढावर कमी वेगात समोरून वारा कमी, मागून उष्णता जास्त. थोडा मोठा इंटरकूलर बसवून कंपनीचीच फाइल ठेवलेल्या गाड्याही मी केल्यात. आकडा फारसा वाढत नाही, पण दहाव्या मिनिटाला गाडी पहिल्या मिनिटासारखीच ओढते. जड गाडीसाठी मला तो सौदा आवडतो.

आणखी एक जागा जपायची, ती म्हणजे १८०० आरपीएमच्या खालचा भाग. तिथे टॉर्क वाढवला की गाडी सिग्नलला जोरात उसळते, ग्राहकाला पहिल्या दोन मिनिटांत ‘फरक’ जाणवतो, म्हणून ट्यूनरला तो मोह होतो. पण कमी फेऱ्यांत एकेक स्फोट मोठा आणि सावकाश होतो, त्याचा सगळा दाब कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर येतो. टर्बो अजून जागा झालेला नसतो, त्यामुळे हवा अपुरी, म्हणून काळा धूर आणि डीपीएफमध्ये काजळी. तुमच्या ओव्हरटेकला त्या भागाचा काही उपयोग नाही. तो कंपनीने दिलाय तसाच राहू द्या.

‘हेच इंजिन दुसऱ्या मॉडेलमध्ये १९० देतं’ हा युक्तिवाद हमखास येतो. अर्धा खरा आहे. बीएमडब्ल्यूचं बी४७ डिझेल १८डी म्हणून १५० पीएसला आणि २०डी म्हणून १९० पीएसला विकलं गेलं. पण इंजिनाचं नाव एक असलं तरी टर्बो, इंजेक्टर, कूलर, गिअरबॉक्स यांतलं काय काय वेगळं आहे हे पार्ट नंबर लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. नंबर जुळले तर मी निश्चिंतपणे वर जातो. नाही जुळले तर कंपनीने तो खर्च उगाच केला नसणार.

डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तिथून उठा. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे, आणि आपण बोलतोय त्या पातळीवर त्याची गरजही नाही. तुमची मुलं त्याच गाडीच्या मागे उभी राहून सामान उतरवतात.

पेट्रोलवाल्यांसाठी दोन ओळी. टर्बो नसलेल्या इंजिनात पाच-सात टक्के मिळाले तरी खूप. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. टर्बो पेट्रोलमध्ये बरंच मिळतं, पण तिथे राजा म्हणजे नॉक, मिश्रणाचं धडाक्याने अवेळी पेटणं. ९८ ऑक्टेनवर बांधलेली फाइल ९१ वर चालवली तर ईसीयू इग्निशन मागे ओढत राहतो आणि तुम्ही पैसे देऊन उष्णता विकत घेता. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर कमी आरपीएमला जोर देऊन रेटणं डिझेलपेक्षाही वाईट. ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि एका फटक्यात पिस्टन फुटू शकतो.

ब्रेकचा विषय ग्राहक कधीच काढत नाहीत, म्हणून मी काढतो. १०० ऐवजी १२० वरून थांबवताना ब्रेकना ४४ टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते. नवी ताकद तुम्हाला तिथे वारंवार नेणार आहे. चांगले पॅड, ताजं ब्रेक फ्लुइड आणि योग्य भारांकाचे (गाडीचं वजन पेलणारे) टायर हे फाइलच्या आधी.

तुमची गाडी माझ्याकडे आली तर मी असं करेन. गिअरबॉक्सचा नंबर पाहून, त्याने परवानगी दिली तर, टॉर्क ३९० ते ४०० वर थांबवेन, १९०० पासून सावकाश चढत. टोकाला १७२-१७५ पीएस. पहिल्या दोन गिअरमध्ये टॉर्कची मर्यादा जवळपास मूळचीच. धुराचा तक्ता हवेच्या प्रमाणातच हलेल. गिअरबॉक्सला खरा टॉर्क कळेल. मूळ फाइलची प्रत तुमच्याकडे राहील. फाइल लिहिताना बॅटरीला स्थिर सप्लाय लावलेला असेल, कारण मध्येच व्होल्टेज पडून ईसीयू मेलेला मी पाहिलाय, सुदैवाने दुसऱ्याच्या टेबलावर. डायनो करायचा तर आधीची आणि नंतरची फेरी एकाच मशीनवर, एकाच दिवशी, इंजिन सारखंच तापलेलं असताना. दोन वेगळ्या डायनोंचे आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. कंपनीची वॉरंटी चालू असेल तर ती जाईल असं धरूनच चाला, बदल करून परत मूळ फाइल टाकली तरी त्याची खूण ईसीयूत राहू शकते. विमा कंपनीला कळवा, लपवू नका. इंजिन ऑइल १५,००० ला बदलत असाल तर आठ-दहा हजाराला बदला, गिअरबॉक्सचं ‘आयुष्यभराचं’ तेलही एकदा बदलून घ्या.

आणि हे सगळं ठरवण्याआधी येत्या सहलीत एक करून पाहा. ओव्हरटेकला बाहेर पडण्याच्या दोन सेकंद आधी गिअर मॅन्युअल मोडमध्ये घेऊन दोन पायऱ्या खाली आणा, सुई २८०० ला येऊ द्या, मग बाहेर पडा. तुम्हाला जाणवणारा ‘दम’ बऱ्याचदा गिअरबॉक्सचा विचार करण्याचा वेळ आणि टर्बो भरण्याचा वेळ यांची बेरीज असतो. त्यानंतरही कमी पडतंय असं वाटलं तर गाडी आणि तिचा लॉग घेऊन ट्यूनरकडे जा, भरल्या वजनानिशी, रिकामी नको.